पटावर नसलेला नातू

महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिकेला दोन गोष्टींची धास्ती असते, निवडणुकीची ड्यूटी आणि घसरणारा पट. पट घसरला की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की कुणीतरी बाई अतिरिक्त ठरून भलत्याच वॉर्डात जाते. म्हणून शाळा उघडायच्या सुमारास आम्ही वडाळ्याच्या वस्त्यांमधून फिरायला लागायचो. संगमनगर, कोरबा मिठागर, अँटॉप हिलच्या उतारावरची घरं. दारात उभं राहून सांगायचं: जन्मदाखला नसला तरी चालेल, आधार नंतर काढू, वह्या, पुस्तकं, गणवेश, बूट सगळं महापालिका देते, दुपारी खिचडी मिळते, पोरीला पाठवा. यात स्वार्थ होता, नाकारत नाही. पण नुसता स्वार्थ असता तर निवृत्तीबरोबर सुटला असता. शाळेच्या वेळेला रस्त्यात पोर दिसलं की आजही माझ्या तोंडून निघतं, "काय रे, शाळा नाही का?"

आणि माझा स्वतःचा नातू चौथीनंतर शाळेत जात नाही.

"पाचवीत घालणार नाही, घरीच शिकवू," असं मुलाने आणि सुनेने 2023च्या उन्हाळ्यात सांगितलं, तेव्हा मी जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. उरलेलं निम्मं असं: पोरात काही खोट नाही, शाळा भली आहे, त्याच्या बाई चांगल्या आहेत, मग हे कसलं खूळ? शाळा सोडणं ही चैन आहे, ती ज्यांच्याकडे दुसरं सगळं आहे त्यांनीच करावी. मग मी जन्मभर काय केलं? लोकांच्या पोरांना दारातून ओढून आणलं आणि माझ्या घरातलं पोर घरातच बसणार?

माझी बाजू पोकळ नव्हती. वडाळा आज महापालिकेच्या एफ उत्तर विभागात येतो. मुंबईत मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण पहिल्यांदा आणलं ते 1925 साली, तेव्हाच्या एफ आणि जी विभागांत, प्रयोग म्हणून. आमच्याच बाजूला. त्याच्या आधी 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड लावला होता, आणि त्याच्याही आधी 1882 साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली होती. सक्ती हा शब्द आज कुणाला आवडत नाही. माझे वडील पोर्ट ट्रस्टच्या गोदीत होते, दिवसभर काम करून रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाले. त्यांच्यावर लहानपणी कुणी सक्ती केली नव्हती, म्हणून तर ती वेळ आली, असं ते म्हणायचे. त्यांची लेक बाई झाली. सक्तीच्या विरोधात माझ्या घरात कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर आमची जुंपायची. मी गांधीजी काढले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत घातलं नाही, ऑफिसला चालत जाता-येता गप्पांमधून शिकवलं, आणि आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं की पुस्तकी शिक्षणासाठी रोजचा एक तासही आपल्याला नेमाने देता आला नाही. थोरला हरिलाल 1911मध्ये बापाशी बिनसून मॅट्रिक व्हायला हिंदुस्थानात परत आला, आणि त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. महात्म्याला जमलं नाही ते तुम्हाला जमणार? सुनेने यावर पंडिता रमाबाई काढल्या. गंगामूळच्या रानात आई लक्ष्मीबाईंनी शिकवलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि 1878 साली, विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं. मी म्हटलं, हो, आणि त्याच रमाबाईंनी 1889 साली मुंबईत येऊन काय काढलं? शारदा सदन. म्हणजे शाळाच ना! त्या फेरीत मी जिंकले. मुलगा मुकाट्याने पोळ्या संपवत होता.

पण सुनेचा खरा हुकमाचा पत्ता घराजवळचाच होता. मालविका जोशी. दादर पारसी कॉलनीतल्या शाळेत सातवीत असताना आईने, सुप्रिया जोशींनी, तिला शाळेतून काढलं. मुलगी अभ्यासात चांगली होती. घरी बसून ती प्रोग्रॅमिंगच्या नादाला लागली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं आणली. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला थेट एमएस्सीच्या पातळीच्या अभ्यासक्रमाला बसू दिलं, आणि 2016 साली सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने प्रवेश दिला. तेव्हा पेपरांत आलं होतं, आमच्या शिक्षकखोलीतही चर्चा झाली होती. आमचा निकाल एकमुखी होता: पोरगी हुशार आहे, ती कुठेही गेली असती. सगळ्यांची लेकरं ऑलिम्पियाडला जात नाहीत.

सुनेने तीच बातमी पुन्हा काढून दिली, तेव्हा माझं लक्ष पदकांवर नव्हतं. मालविकाची आई कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती. आठवी-नववीतली, कॅन्सर झालेली मुलं ती रोज बघत होती. त्यातून तिला वाटलं की आपल्या मुली आज आनंदात असाव्यात. यात शिक्षणशास्त्र कुठेच नाही. उद्याच्या नावावर आज किती कापायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मला बाई म्हणून कधी पडला नव्हता. आमच्या शाळेतल्या पोरांचा आज असाच असायचा की उद्याकडे बघितल्याशिवाय इलाज नव्हता.

मग मी सुनेला वाद न घालता विचारलं, तुला नक्की काय खुपतंय? तिने जे सांगितलं त्यात मला काही नवीन नव्हतं. लॉकडाऊनमध्ये नातू दुसरी-तिसरीत होता. ऑनलाइन तास चालायचा तेव्हा ती शेजारी बसून ऑफिसचं काम करायची, आणि आपलं पोर शाळेत काय करतं ते तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आईबापांनी याआधी शाळा पाहिली होती ती गॅदरिंगला आणि निकालाच्या दिवशी. आता रोज बघायला मिळाली. हजेरी, "माइक बंद करा", "कोण बोलतंय", फळ्यावरचं उतरवा, "झालं का सगळ्यांचं", पुन्हा "झालं का". पोराचं झालेलं असायचं, ते बोटाने टेबलावर गाड्या चालवायचं. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर गाडी नेहमीच्या रुळावर आली: पहाटे उठून बस, दुपारी घरी, जेवण, क्लास, गृहपाठ, झोप. सहावीपासून प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या 'फाउंडेशन' बॅचेस लागतात, हे दादर-माटुंगा-वडाळ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आमच्या इमारतीतल्या दुसरीतल्या मुलीची आईसुद्धा त्याबद्दल बोलते. सून म्हणाली, "आई, मी स्वतः बोर्डात आलेली मुलगी आहे. मला दहावीपर्यंतचं एक पुस्तकही आवडल्याचं आठवत नाही."

हे तिचं झालं. तिच्याबरोबर मी घरी शिकवणाऱ्या पालकांच्या भेटीगाठींना जायला लागले, खरं तर हेरगिरी करायला. मला वाटलं होतं सगळे आयटीवाले आणि सगळे एकाच साच्याचे असतील. तसं नव्हतं. एका मुलाला अक्षरं उलटी दिसायची. सायनच्या टिळक रुग्णालयातून त्याचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं होतं, म्हणजे बोर्डात जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळणार होत्या. पण बोर्ड यायला सहा वर्षं होती आणि वर्गातली चेष्टा रोजची होती. एक मुलगी पोहण्याच्या सरावासाठी शाळा बुडवून बुडवून शेवटी सुटली होती. एकांना धर्माच्या चौकटीत वाढवायचं होतं. त्यांच्याशी माझं जमलं नाही. आणि एका जोडप्याचं कारण ऐकून मी चाटच पडले: त्यांना मुलाला मराठीतून शिकवायचं होतं. घराजवळच्या मराठी शाळेच्या तुकड्या एकेक करत मिटत गेल्या, इंग्रजीत घालायचं नव्हतं, तर घरीच बसवला. मराठी माध्यमाच्या बाईला हे ऐकताना काय वाटलं असेल ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

नातवाला मराठी आणि गणित मी शिकवायचं असं ठरलं. मी तयारी केली ती सवयीने. वार, घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असं पाठ टाचण काढलं. बैठकीच्या खोलीत टेबल भिंतीला लावलं. सकाळी ठरल्या वेळेला त्याला बसवलं आणि सवयीने हजेरी घेतली, एकाच मुलाची. तो "हजर बाई" म्हणाला आणि हसत सुटला. दिवसभराचं टाचण त्याने चाळीस मिनिटांत संपवलं.

मी उरलेला वेळ भरायला गेले. उजळणी दिली, शुद्धलेखन दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तेव्हा शाळेचा दिवस माझ्या डोळ्यांपुढे उलगडला, आणि तो आतून माझ्याइतका कुणाला माहीत आहे? पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, कालच्या गैरहजरांची चौकशी, खिचडीची नोंद, एखाद्या परिपत्रकाची माहिती आजच्या आज हवी म्हणून आलेला निरोप, मागच्या बाकावरची मारामारी. मग फळ्यावर तारीख. चाळीस पोरांना शिकवायचं तर असंच होणार, याची मला लाज नाही. त्या गर्दीतून वाट काढत मी पोरांना वाचायला शिकवलंय. पण माझ्यापुढचं एकटं पोर त्या गर्दीसाठी केलेल्या वेळापत्रकात बसवण्यात अर्थ नव्हता, हे मला माझ्याच टाचणाने दाखवलं.

मोकळा वेळ मिळाल्यावर त्याने काय केलं? काही महिने काहीच नाही. फरशीवर उताणा पडायचा. "आजी, कंटाळा आला." मी सुनेकडे विजयी मुद्रेने बघायची. ती म्हणायची, "येऊ दे."

त्या हिवाळ्यात, शिवडीहून निघणारा तो नवा अटल सेतू जानेवारी 2024मध्ये सुरू झाला त्याच्या आसपास, आम्ही शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो. वडाळ्याहून हार्बरने पुढचंच स्टेशन. गेलो तेव्हा समोर नुसतं पाणी होतं. तिथल्या एका माणसाने सांगितलं, भरती आहे, पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, मग पाखरं तो चाळायला जवळ येतात. नातवाने विचारलं, पाणी कधी उतरेल? आणि मला माझ्या वडिलांचा गोदीतला हिशेब आठवला: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. सप्तमीला सव्वापाच. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी.

घरी आल्यावर त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. पाऊणपट म्हणजे काय हे त्याला येत नव्हतं. मी त्याला पाऊणकी शिकवली, जी आता कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही आणि जी मला वडिलांनी पाठ करून घेतली होती: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. त्याने वहीत रकाने पाडले. तिथी, हिशेबाने आलेली वेळ, बापाच्या फोनवर दिसणारी खरी वेळ. आम्ही पुन्हा शिवडीला गेलो, एका सप्तमीला, सकाळी अकराच्या सुमारास, आणि चिखलावर गुलाबी थवा होता. तो मंगळवार होता. त्याच्या वर्गातली सगळी पोरं त्या वेळी कुठल्याशा तासिकेला असतील.

गंमत पुढे आहे. एके दिवशी तो वही घेऊन आला. "आजी, पणजोबांचा नियम गंडलाय." पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, तिची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, मग या एकाच दिवशी दीड तासाची उडी कशी? समुद्राला पौर्णिमा संपली हे कसं कळलं? मला उत्तर येत नव्हतं. संध्याकाळी बापलेक बसले. पंधरा तिथींत भरती पूर्ण बारा तास पुढे सरकून पुन्हा त्याच वेळेवर येते. बारा तासांची 720 मिनिटं, भागिले 15, म्हणजे प्रत्येक तिथीला 48. पाऊणपट ही सोय आहे, तोंडी हिशेबाला बरी. खरं माप चार पंचमांश. 48ने मोजलं की पौर्णिमेची भरती बरोबर बाराला येते, प्रतिपदेची बारा अठ्ठेचाळीसला, आणि उडी नाहीशी होते. फोनवरच्या वेळा यातही काही मिनिटं मागेपुढे होत्याच, त्याचं कारण तो अजून शोधतो आहे.

अपूर्णांकांचा गुणाकार मी अनेक वर्षं शिकवला. कागदाच्या घड्या घालून, भाकरीचे तुकडे करून, चांगला शिकवला असं इन्स्पेक्शनच्या शेऱ्यांत आहे. पण तो कशासाठी हवा, असं मला एकाही पोराने विचारलं नाही, कारण विचारायला त्यांना वेळ नव्हता आणि ऐकायला मला. कुणी म्हणेल, शाळेची सहल नेता आली असती की शिवडीला. नेता आली असती, एकदा, परवानगीच्या पत्रांसकट. पण हा हिशेब एका फेरीत सुटत नाही. वेगवेगळ्या तिथींना, वेगवेगळ्या वेळी जावं लागतं, आणि समुद्र काही शाळा सुटायची वाट बघत नाही.

इथे माझं मत फिरलं. हे मी माझ्या जुन्या सहकारी बायकांना सांगितलं तर त्यातल्या एकीने फोनच ठेवून दिला.

आता जे फिरलं नाही तेही सांगते.

नातू दुपारी एकटा असतो. इमारतीतली पोरं पाच वाजता खाली येतात, ती काही मिनिटं, मग क्लासला पळतात. फाइव्ह गार्डन्सला आम्ही जातो तेव्हा तिथे म्हातारी माणसं आणि कुत्री. सून म्हणते, शाळेतही बाकावर बसून बोलू कुठे देतात. ते खरं आहे, पण डबा खाताना देतात, आणि डबा खाण्यात पोरं जे शिकतात ते मी टेबलाशी बसून शिकवू शकत नाही. माणसांत मिसळणं म्हणून जे सांगतात त्यावर मात्र मी पूर्वीइतकी ठाम नाही. महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. आमच्या आवारात मराठी, हिंदी, उर्दू, तमीळ असा चौरंगी आरडाओरडा असायचा. नातवाने सोडलेल्या शाळेत सगळी एकाच फीची पोरं होती. त्या शाळेतून काढल्याने तो समाजाला मुकला, असं मला म्हणवत नाही.

दुसरं, घरी शिकवणं म्हणजे बहुतेक घरांत आईने नोकरी सोडणं. त्या भेटीगाठींना बाप सुट्टीच्या दिवशी यायचे आणि शिक्षणपद्धतीवर छान बोलायचे. वारच्या वारी टेबलाशी कोण बसतं, असं मी एकदा विचारलं तेव्हा सगळे हसले आणि विषय बदलला. माझ्या सुनेचा पगार माझ्या मुलाएवढाच होता. आमचं घर चालतं त्यात माझी पेन्शन आहे. ज्या घरात एक पेन्शनर बाई फुकट शिकवायला बसलेली नाही तिथे हे कसं जमतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पोराला शाळेच्या घंटेतून सोडवायला एका बाईला ऑफिसातून काढावं लागलं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आणि तिसरं. 4 जुलै 2015. त्या दिवशी राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. आम्ही फॉर्म आणि शाई घेऊन सकाळपासून फिरत होतो. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, मतदानाला लावतात तशी, म्हणजे तेच मूल दुसरीकडे पुन्हा मोजलं जाणार नाही. संगमनगरमध्ये एका दारात नऊ-दहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. आई आतून म्हणाली, "घरीच शिकवते बाई मी तिला." हे वाक्य आम्ही खूप ऐकलेलं असतं. मी पोरीच्या हातात माझ्याच जवळचं पत्रक दिलं, वाच म्हटलं. तिने वाचलं. अडखळत, बोट फिरवत, पण वाचलं. आई सातवी झालेली होती, खरंच पाटीवर शिकवत होती. मी तरीही 'शाळाबाह्य' असं लिहिलं, बोटाला शाई लावली आणि पुढच्याच आठवड्यात तिला वयाप्रमाणे चौथीत बसवलं. भावाला कोण सांभाळणार यावर आईशी माझं भांडण झालं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. ती पोर शाळेत आली नसती तर भाऊ उतरून चुलतभाऊ कडेवर आला असता.

त्याच दिवशी आम्ही टॉवरच्या फाटकापाशीही गेलो होतो. वॉचमन म्हणाला, "इधर सब बच्चा लोग स्कूल जाता है." आम्ही केबिनमध्ये पाणी पिऊन परत आलो. आज तसं सर्वेक्षण झालं तर आमच्या इमारतीचा वॉचमन हेच सांगेल, आणि माझ्या नातवाच्या बोटाला कुणी शाई लावायला येणार नाही. माझ्या सुनेने उच्चारलेलं वाक्य शब्दशः तेच होतं, "घरीच शिकवते मी त्याला." तिच्यावर मी विश्वास ठेवला, वेळ लागला पण ठेवला. त्या आईवर, पोरगी समोर वाचून दाखवत असताना, ठेवला नाही. दोन्ही वेळा मी बरोबर होते असं मला वाटतं. का वाटतं, हे दोघींना एकत्र बसवून समजावायची माझी तयारी नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो अर्धा उघडा आहे. 2009चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला. त्याच्या कलम 10 प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातलं तर पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. शाहू महाराजांचा तो 1 रुपयाही नाही. 2012 साली दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला तेव्हा केंद्र सरकारची भूमिकाही एकसारखी राहिली नाही. पुढे चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसता येतं, पाच वर्षांत, एकेक विषय सोडवत. आमच्या वेळी शाळा सुटलेली पोरं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायची, गॅरेजमध्ये काम करून, धुणीभांडी करून. आणि मध्येच शाळेत परत यावंसं वाटलं तर कलम 4 आहे, वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. ते कलम संगमनगरच्या पोरीसाठी लिहिलं होतं. आता माझी सून ते विम्याच्या कागदासारखं जपून ठेवते.

गेल्या वर्षी पालकांच्या एका गटाने सरकारला द्यायचं निवेदन तयार केलं. घरी शिकवणाऱ्यांना कलम 10 मधून सूट द्यावी, असं त्यात होतं. निवृत्त शिक्षिकेची सही असली तर वजन येईल म्हणून कागद माझ्याकडे आला. मसुदा चांगला होता, मराठीही शुद्ध. मी चहा केला, कागद पुन्हा वाचला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. सूट दिली की ती आमच्या मजल्यावर थांबणार नाही. संगमनगरच्या दारात उद्या जी नवी शिक्षिका उभी राहील तिच्या तोंडावर "घरीच शिकवते" म्हणून दार लावता येईल, आणि तिच्या हातात काहीच उरणार नाही. आज निदान कर्तव्य हा शब्द आहे.

सून दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "आई, तुम्ही नातवाला घरी शिकवता आणि कायदा मात्र आमच्याविरुद्ध ठेवा म्हणता."

"हो."

"उद्या कुणी खरंच विचारायला आलं तर?"

"तर मी बोलेन त्यांच्याशी. त्यांची भाषा मला येते."

"आणि तुम्ही नसाल तर?"

यावर मी मेथीच्या काड्या बाजूला काढत राहिले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, तिने परत मागितला नाही आणि मी सही केलेली नाही.